कार्बोरेटर घरी उघडताना: आधी सफाई, मग स्क्रू, जेट सगळ्यात शेवटी

गाडी मिसिंग मारायला लागली की गल्लीतला जाणकार लगेच सांगतो, "जेट बदलून टाक." हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो; त्यातला जेट म्हणजे पितळेच्या तुकड्याला पेट्रोल जाण्यासाठी मापात पाडलेलं भोक. ते झिजून मोठं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बुजायला मात्र गाडी एक पावसाळा उभी राहिली तरी पुरतं. त्यामुळे घरी काम करणाऱ्याने क्रम पाळावा: कार्बोरेटरबाहेरचे दोष, मग सफाई, मग मिक्सचरचा स्क्रू, मग नीडल, आणि एवढं करूनही गाडी ऐकत नसेल तरच जेट.

हे सगळं स्प्लेंडर, पल्सर, जुनी बुलेट, आरएक्स १०० अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि नव्या मोटरसायकली जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. तुमची गाडी तशी असेल तर इथलं काहीच तिला लागू नाही.

नाशिकची हवा आणि आजचं पेट्रोल

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथली हवा मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच ओढतो, म्हणून मिक्सचर तीनेक टक्के रिच होतं. रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, लीन म्हणजे कमी. एवढ्या फरकासाठी कोणी जेट बदलत नाही. कंपनीचं सेटिंग मुंबई आणि नाशिक दोन्हीकडे चालावं असंच असतं.

दुसरीकडे पेट्रोल बदललं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० ला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी गाडी आता आधीपेक्षा लीन चालते. उंचीने रिच आणि इथेनॉलने लीन, अशी थोडी फिटंफाट होते. पण पारडं लीनकडेच झुकतं. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी वहीत लिहून दिलेलं मिक्सचर स्क्रूचं "दीड फेरा" हे सेटिंग आज डोळे झाकून लावू नका.

तिसरी गोष्ट थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते, तेव्हा नाशकातही सकाळची हवा जड असते आणि गाडी आणखी लीन होते. सकाळी सातला चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी सोय) लागतो म्हणून कार्बोरेटर बिघडला असं ठरवू नका. सेटिंग करायचं ते दुपारी, इंजिन नीट तापल्यावर.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी

एअर फिल्टर काढून पाहा. द्राक्षबागांच्या नाहीतर एमआयडीसीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मातीने गच्च झालेला असतो, आणि गच्च फिल्टर म्हणजे रिच मिक्सचर. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून पिळून बसवायचा.

प्लग काढा, त्याचा रंग लिहून ठेवा, गॅप मॅन्युअलप्रमाणे करा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर तपासा. टॅपेट टाइट असेल तर आयडलिंग (मूठ न पिळता इंजिन चालू राहणं) कधीच नीट बसत नाही, आणि लोक त्यासाठी कार्बोरेटरला दोष देत बसतात. ब्रेक धरून राहत नाही ना, चेन फार ताणलेली नाही ना, हेही बघून घ्या. अ‍ॅव्हरेज पडण्याची कारणं चाकांतही असतात.

मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं मॅनिफोल्ड रबर. जुन्या गाडीत त्याला चिरा पडतात आणि तिथून फुकटची हवा आत जाते. गाडी आयडलिंगला ठेवून रबराभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच घुसतेय. आधी रबर बदला. गळक्या रबरावर केलेलं कुठलंही सेटिंग आठवडाभरही टिकत नाही.

शेवटी चोक. त्याची केबल किंवा दांडी पूर्ण परत येते का? अर्धवट अडकलेला चोक म्हणजे कायमचं रिच. "गाडी पेट्रोल खाते" या तक्रारीचं मूळ कधीकधी एवढंच असतं.

जागा आणि हत्यारं

उघड्यावर काम करा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत करू नका. आपल्याकडे गॅस गीझर बऱ्याचदा तिथेच किंवा शेजारच्या बाथरूममध्ये असतो. सोसायटीच्या पार्किंगची मोकळी बाजू चांगली. बादलीभर कोरडी वाळू जवळ ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बाउलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, गटारीत नको. त्या बरणीच्या तळाशी पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर दोष टाकीत आहे, तिथूनच सुरुवात करावी लागेल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. इगतपुरी-घोटी पट्ट्यातल्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त.

हत्यारांमध्ये चांगला प्लस स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात महत्त्वाचा. बाउलचे स्क्रू मऊ असतात आणि बऱ्याच गाड्यांत ते जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात. साधा झिजलेला स्क्रू ड्रायव्हर घसरला की डोकं गेलंच. टोक नीट बसतं का ते पाहा, वरून दाब देऊन मगच फिरवा. याशिवाय जेटच्या खाचेत बरोब्बर बसेल असा पातळ मायनस, ८ आणि १० चे पाने, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जाड चष्मा, हातमोजे आणि एक पांढरं कापड. कापड पांढरंच घ्या, स्प्रिंग किंवा वॉशर पडला तर दिसतो.

उतरवणं

पेट्रोल कॉक बंद करा, नळी काढा, बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काढा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा सैल करून कार्बोरेटर हलवत हलवत ओढा. साध्या कार्बोरेटरमध्ये वरचं झाकण फिरवलं की केबलसकट स्लाइड बाहेर येते. मिस्त्री लोक तिला पिस्टन म्हणतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जा. नळ्या कुठून कुठे गेल्या हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही.

कार्बोरेटर टेबलावर आला की सगळ्यात आधी मिक्सचर स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा आणि तो टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहा. टेकला की थांबा. जोर दिला तर त्याचं टोक बसण्याची जागा कोरली जाते, आणि ते नुकसान भरून निघत नाही. आकडा लिहिल्यावर स्क्रू पूर्ण काढा. त्याच्यावर डोक्याकडून क्रमाने स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग असते. ओ-रिंग पुष्कळदा भोकातच चिकटून राहते. ती न काढता क्लीनर मारला तर फुगते, आणि नंतर आयडलिंग का बसत नाही म्हणून डोकं धरावं लागतं. काही गाड्यांत हा स्क्रू टोपीखाली झाकलेला असतो.

सफाई

बाउल उघडा. मधोमध उंच पितळी नळी दिसते, तिच्या टोकाला मेन जेट. शेजारी खोल भोकात पायलट जेट, ज्याला दुकानात "स्लो जेट" म्हणतात. तुमचा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, आणि वाळलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर आधी तिथेच बसतो. जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. किंचित अंधुक म्हणजे बुजलेला.

आत सुई, तार, सेफ्टी पिन काहीही घालू नका. पितळ मऊ असतं, एक ओरखडा पडला तरी माप बिघडतं आणि मग त्या जेटवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवा, सकाळी हवा मारा. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालतो. काका ओळखीचे असतील तर पैसेही घेत नाहीत. फारच हट्टी थर असेल तर जुन्या इलेक्ट्रिक वायरमधला तांब्याचा एक केसाएवढा धागा अगदी अलगद चालेल, कारण तांबं पितळेपेक्षा मऊ. तेही शेवटचा उपाय म्हणून.

नुसते जेट धुऊन भागत नाही. बॉडीतले मार्गही मोकळे पाहिजेत. पायलट जेटच्या भोकात स्प्रे मारला की तो तोंडाकडच्या, स्लाइडखालच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडला पाहिजे. एअर फिल्टरच्या बाजूलाही दोन-तीन भोकं असतात, तिथून मारून दुसरीकडून फवारा येतो का ते पाहा. इथे चष्मा लावाच. फवारा कुठल्या भोकातून डोळ्यांत येईल सांगता येत नाही. सगळ्या रबरी वस्तू स्प्रेआधी बाजूला ठेवा. पल्सरसारख्या काही गाड्यांत स्लाइड पातळ रबरी पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर चालते. त्याला क्लीनरचा थेंबही लागू देऊ नका. तो उजेडाकडे धरून ताणून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी एका वेगापुढे जायचं नाव घेत नाही, आणि अशा गाडीला लोक मोठा मेन जेट टाकत बसतात.

आता नीडल पाहा. स्लाइडला लटकणारी लांब निमुळती सुई आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती, हे दोन्ही खरोखर झिजतात, कारण ते एकमेकांना घासत राहतात. खूप चाललेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं असेल, मेन जेट आणि चोक ठीक असतील, तर ही जोडी बदला. सुईवर मध्येच चमकदार पट्टा किंवा नळीचं तोंड लंबगोल दिसलं की खात्री पटते.

फ्लोट, म्हणजे बाउलमधला तरंगता भाग, काढताना त्याची पिन हळू ढकला, ती धरणारे खांब मोडले तर बॉडी फेकावी लागते. फ्लोटखालच्या छोट्या व्हॉल्व्हच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर नवा टाका. बसवून झाल्यावर पेट्रोलच्या इनलेटला नवी, स्वच्छ नळी लावून फुंका. कार्बोरेटर सरळ धरला तर हवा जायला हवी, उलटा केला तर थांबायला हवी. उलट्यातही हवा जात असेल तर गाडी ओव्हरफ्लो होणार.

बाउलचं पॅकिंग फुगून खाचेत बसेनासं झालं तर कोरड्या जागी एक-दोन तास ठेवा, बहुतेक वेळा आकसून जागेवर येतं. तरी जुन्या गाडीत पॅकिंग आणि ओ-रिंगचा किट नवाच घातलेला बरा. जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही.

जोडताना जेट बोटांनी सुरू करा, शेवटचा पाव फेराच स्क्रू ड्रायव्हरने. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचे आटे गेले की गेले. स्लाइडची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे आली पाहिजे आणि तिची खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे. चुकून फिरवून बसवली तर ती वरच अडकते, म्हणजे स्टार्ट करताच गाडी फुल रेस घेते. म्हणून किक मारण्याआधी हँडल दोन्ही टोकांना वळवून अ‍ॅक्सिलरेटर पिळा आणि सोडा. दोन्हीकडे "टक" असा आवाज करत तो परत आला पाहिजे.

मिक्सचरचा स्क्रू

स्क्रू कुठे आहे त्यावर त्याची दिशा ठरते, आणि नवखे इथेच गोंधळतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. आरएक्स किंवा जुन्या बुलेटमध्ये पहिला प्रकार, अलीकडच्या चार स्ट्रोक गाड्यांत बहुधा दुसरा. पुढचं वर्णन पेट्रोलच्या स्क्रूचं आहे. तुमचा हवेचा असेल तर उलट समजा.

सुरुवातीला स्क्रू टेकवून दोन फेरे बाहेर ठेवा. पाच-सात किलोमीटर फिरून इंजिन तापवा. सेंटर स्टँडवर लावा, आयडलिंगचा स्क्रू थोडा वाढवा. आता मिक्सचर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या आणि प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबून ऐका. एका जागी इंजिन अडखळायला लागेल, ती लीनची हद्द. तिथून परत बाहेर या. आवाज चढत जाईल, स्थिर होईल आणि आणखी बाहेर गेल्यावर जड, घोगरा होईल. चढलेल्या आवाजाच्या मधोमध स्क्रू थांबवा. ई-२० वर मी त्यापुढे आणखी थोडं, जेमतेम एक अष्टमांश फेरा, बाहेर ठेवतो. आयडलिंग पुन्हा खाली आणा. १०० सीसीच्या साध्या गाड्यांना १४०० आरपीएमच्या आसपास ठीक, बाकी मॅन्युअलमध्ये पाहा.

आता पिळून सोडा. आवाज लगेच खाली येऊन स्थिर झाला तर उत्तम. रेस वरच रेंगाळत राहिली तर लीन. खूप खाली जाऊन, बंद पडता पडता सावरली तर रिच. हे दोष स्क्रूने जात नसतील तर कारण तो स्क्रू स्वतःच सांगतो: एका फेऱ्याच्या आत सगळ्यात चांगलं चालत असेल तर पायलट जेट मोठा आहे, तीन फेऱ्यांच्या बाहेर असेल तर लहान आहे. जेट बदलायचा पहिला खरा पुरावा हा.

अ‍ॅक्सिलरेटरवर खुणा

मूठ आणि ती ज्यात फिरते ते हाउसिंग यांच्यावर कागदी टेप लावा. बंदपासून पूर्णपर्यंतचे चार समान भाग पेनाने आखा. दोष कुठल्या खुणेवर येतो यावरून कुठला भाग जबाबदार ते कळतं. पहिल्या आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि मिक्सचर स्क्रू. पावपर्यंत स्लाइडची कापलेली कड. पाव ते पाऊण नीडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. शहरात आपण क्वचितच अर्ध्याच्या पुढे पिळतो. गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडखळत असेल तर मेन जेटचा त्यात काही संबंध नाही, तो तिथे कामावरच नसतो.

चाचणीला गिरणारेकडचा मोकळा रस्ता चांगला. त्र्यंबक रस्ता भल्या सकाळी चालतो, पण श्रावणी सोमवारी तिकडे फिरकू नका. एका खुणेवर मूठ स्थिर धरा आणि चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर त्या भागात लीन आहे, आणखी बिघडली तर रिच किंवा ठीक. फुल थ्रॉटलची चाचणी तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर करा, वेग कमी राहतो. फुलवरून मूठ थोडीशी मागे आणा: गाडी क्षणभर जोर धरते तर मेन जेट लहान. अडखळत, भरभरत चालत असेल आणि मागे आणल्यावर मोकळी होत असेल तर ती रिच आहे का, हे प्लगच सांगेल.

नीडलवर क्लिपसाठी खाचा असतात. क्लिप खाली सरकवली की सुई वर उठते, म्हणजे रिच. क्लिप वर, म्हणजे लीन. एका वेळी एकच खाच. काही गाड्यांत खाच एकच असते, तिथे हा मार्ग नाही.

जेट खरंच बदलायचा असेल तर

कारण असावं: मोकळा एअर फिल्टर, वेगळा सायलेन्सर, सिलिंडर बोअर, किंवा वर सांगितलेला स्क्रूचा पुरावा. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून मग जेट शोधत फिरणाऱ्यांना माझा सल्ला कंपनीचाच सायलेन्सर परत लावा असा असतो. पोलिसांचा दंडही वाचतो.

दुकानात "स्प्लेंडरचा मेन जेट द्या" एवढं म्हणून भागत नाही. जुना जेट बरोबर न्या, त्यावरचा आकडा आणि आकार दाखवा. केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्या. केहिनचा आकडा साधारण भोकाच्या व्यासाचा असतो, १०० म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा इंधनाच्या प्रवाहाचा असतो. त्यामुळे एकाचा १०० आणि दुसऱ्याचा १०० सारखे नाहीत. सुट्या पुड्यांतले निनावी जेट टाळा, आकडा एक आणि भोक भलतंच निघतं.

नेहमी मोठ्याकडून लहानाकडे या. रिच गाडी काळा धूर काढेल, प्लग खराब करेल. लीन गाडी इंजिनचा पिस्टन जाळू शकते. टू स्ट्रोकमध्ये तर फुल थ्रॉटलला लीन म्हणजे इंजिन जाम, तेही चालत्या गाडीत. एक किंवा दोन मापांनी बदला, एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक बदल वहीत.

प्लग पाहायचा तर नवा किंवा स्वच्छ प्लग लावून ज्या खुणेवर तपासायचं तिथे किलोमीटरभर चालवा. मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद करा आणि बाजूला घ्या. आयडलिंग करत घरी आणलेला प्लग आयडलिंगचाच रंग दाखवतो. फिकट विटकरी-तपकिरी ठीक, कोरडी काजळी म्हणजे रिच, खडूसारखा पांढरा म्हणजे लीन. आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, तेव्हा एकट्या प्लगवर भरवसा ठेवू नका.

इथे पीयूसीचं मशीन कामाला येतं. त्याच्या कागदावर आयडलिंगचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) छापून येतात. २००० नंतरच्या, बीएस-४ पूर्वीच्या चार स्ट्रोक गाडीला मर्यादा सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४५०० पीपीएम. सीओ मर्यादेच्या जवळ म्हणजे स्क्रू थोडा आत. सीओ अगदी कमी आणि एचसी मात्र चढलेलं असेल तर इंजिन लीनमुळे किंवा प्लगमुळे मिसिंग करतंय. सेटिंग केल्यावर इंजिन गरम असतानाच जा आणि कागद वहीत चिकटवा. लडाखला निघाला असाल तर एक-दोन मापांनी लहान मेन जेट बरोबर ठेवा, खारदुंगला ५३०० मीटरच्या वर आहे. उतरल्यावर तो आठवणीने परत बदलायचा, नाहीतर कसारा उतरून मुंबईकडे जाताना गाडी लीन चालेल.